दहा मीटरांचा प्रश्न

एका तासात माणूस सायकलवरून किती अंतर कापू शकतो? प्रश्न सोपा आहे. परंतु विक्रम पायांनी मोडला की यंत्राने, हा वाद अद्याप मिटलेला नाही. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको शहरात तारांच्या चाकांवर ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. १९८४ साली तेथेच फ्रान्सेस्को मोझर भरीव चाकांवर ५१ किलोमीटरांच्या पुढे गेला. पुढे ख्रिस बोर्डमनने १९९६ साली ५६.३७५ चा आकडा गाठला. तेव्हा आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ बिथरला आणि २००० साली त्याने फर्मान काढले, की विक्रम मर्क्सच्या धर्तीच्या सायकलीवरच व्हावा. त्याच बोर्डमनने त्या सायकलीवर ४९.४४१ किलोमीटर गाठले. मर्क्सपेक्षा अवघे दहा मीटर अधिक! मँचेस्टरला मेक्सिकोची विरळ हवा नव्हती, हे मान्य. तरीही यंत्राचा वाटा किती, हे यातून उघड होते.

तथापि परंपरेच्या नावाने झालेला हा न्याय आम्हांस पटत नाही. मर्क्सनेही वजन घटविण्यासाठी सुट्या भागांना भोके पाडून घेतली होतीच. शिवाय बंदीचा पहिला घाव बसला तो कोणावर? स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीवर. धुलाई यंत्रातील बेअरिंग बसवून स्वतः घडविलेल्या सायकलीवर त्याने १९९३ साली ५१.५९६ किलोमीटरांचा विक्रम केला. महासंघाने १९९४ साली त्याची बैठकच निषिद्ध ठरविली. श्रीमंतांच्या प्रयोगशाळा मात्र चालूच राहिल्या. २०१४ साली महासंघानेच ते जुने फर्मान मागे घेतले, आणि २०२२ साली फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किलोमीटर गाठले.

आमच्या मते नवी साधने आणि नवे प्रशिक्षण यांची गल्लत करू नये. साधने महाग असतात. मोजून-मापून केलेला सराव, विश्रांतीचा हिशेब आणि दररोजची नोंदवही यांना फारसा खर्च येत नाही. लागतो तो जाणता प्रशिक्षक. अंदमान-निकोबारच्या एसो अल्बनने २०१८ साली कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, ते दिल्लीतील वेलोड्रोमवर शिस्तीने घडल्यामुळे.

आणि आपला गोमंतक? २०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद आपण मिरविले. वेलोड्रोमवरील शर्यती मात्र दिल्लीत झाल्या. आमच्या मुलांना उतरत्या वळणांची धावपट्टी पाहावयासही राज्याबाहेर जावे लागत असेल, तर कोणती चाके श्रेष्ठ, या चर्चेत त्यांना काय स्वारस्य असणार? सरकारने आधी जागा मुक्रर करावी आणि प्रशिक्षक नेमावा.