तोंडाची चव आणि आपली पुडी

‘तोंडाला चव नाही’ अशी तक्रार घेऊन जिंतूर, पाथरीकडचा रुग्ण परभणीस येतो आणि आपण बहुधा लवणभास्कराची पुडी बांधून देतो. प्रस्तुत लेखकानेही हेच केले आहे. साठीच्या एका बाईंना अग्निमांद्य समजून तीन आठवडे हे चूर्ण दिले. पुढे सीरम क्रिएटिनिन तपासले, तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत आल्याचे कळले. त्या अवस्थेत मिठाचा भार टाळावयाचा असतो. आणि लवणभास्करात समुद्रलवणासह अनेक लवणे आहेत, हे आपणांस सांगावयास नकोच.

माधवनिदानात शोक, भय, क्रोध आदींनी होणाऱ्या अरोचकात मुखाची चव स्वाभाविक राहते, असे म्हटले आहे. म्हणजे अन्न नकोसे होणे आणि अन्नाची चव पालटणे या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. आपण दोन्ही ‘अरुची’ म्हणून एकाच खात्यात मांडतो.

चव पालटली असेल तर आधी चालू औषधे विचारावीत. मेट्रोनिडाझोलने तोंडात धातूसारखी चव येते. मेटफॉर्मिन, कॅप्टोप्रिल यांनीही येऊ शकते. जस्ताची कमतरता हेही एक कारण. २०२० नंतर कोविडची आठवण कोणास करून द्यावी लागत नाही. मात्र रुग्ण ‘चव गेली’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा गेलेला असतो वास. अर्दितात जिभेच्या एका बाजूची, पुढील दोन तृतीयांश भागाची चव जाऊ शकते. आणि गुटखा! राज्यात २०१२ पासून त्यावर बंदी आहे, तरी खाणारे आपल्यासमोर बसतातच. तिखटाने तोंड भाजते म्हणणाऱ्या अशा रुग्णाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी जातात का, एवढे तरी पाहावे.

आता अप्रिय भाग. शिसे आणि पारा यांच्या विषबाधेतही तोंडात धातूची चव येते. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्याला कट म्हटले. वास्तविक भस्म निःस्वादू असावे ही कसोटी रसशास्त्राचीच. ताम्रभस्म दह्यात टाकून दह्याचा रंग हिरवा-निळा झाल्यास ते अपक्व मानावे, हीही आपलीच. ही परीक्षा एका वाटीत होते. ती आपल्यापैकी किती जण करतात?

औषधालयांच्या मालकांस विनंती आहे. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या औषधांच्या लेबलावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना नियमानेच छापलेली असते. डबी फोडून सुटी पुडी बांधली की ती सूचना दुकानातच राहते, आणि पुढच्या वैद्यास रुग्णाने काय घेतले हे समजण्याचा मार्गही खुंटतो. पुडीवर निदान कल्पाचे नाव, घटक क्रमांक आणि दिनांक लिहावा. वैद्यबंधूंनीही स्वतःच्या पुडीपासून आरंभ करावा. मी केला आहे.