रस्त्यालाही ऊन लागते

पावसाळा सुरू झाला की खड्ड्यांची चर्चा सुरू होते आणि सारा दोष पावसाच्या माथी मारला जातो. पाणी हे डांबरी रस्त्याचे वैरी आहे, हे खरेच. परंतु पाण्याला आत शिरण्यास वाट करून देणारा दुसरा वैरी त्याआधीच आपले काम उरकून गेलेला असतो. तो म्हणजे तापमान. त्याच्याकडे नागरिकांचे लक्ष जात नाही, आणि पुष्कळदा रस्ते बांधणाऱ्यांचेही जात नाही.

डांबरी थरात वजनाने बहुतेक सारा भाग खडी व दगडी भुकटीचा असतो. डांबर अवघे पाच टक्क्यांच्या आसपास. (आज ज्याला डांबर म्हणतात ते बिटुमेन, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा काळा, चिकट पदार्थ होय. दगडी कोळशापासून मिळणारे डांबर निराळे.) एवढासा हा पदार्थ सगळ्या खडीला धरून ठेवतो. मात्र त्याचा स्वभाव लहरी आहे. कडाक्याच्या थंडीत तो ठिसूळ होतो, उन्हात मऊ पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, 20 अंश सेल्सियसला डांबरी थराचा जो ताठरपणा गृहीत धरला जातो, तो 40 अंशांना जेमतेम एक तृतीयांश उरतो. शिवाय काळा रस्ता ऊन शोषून घेतो. त्यामुळे उन्हाळ्यातील दुपारी त्याचा पृष्ठभाग 60 अंशांच्या घरात जाणे नवलाचे नाही.

अशा दुपारी क्षमतेपेक्षा अधिक माल भरलेला ट्रक चढावरून संथपणे जातो, तेव्हा चाकांखालचा थर दबतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. वाहन जितके संथ, तितका भार अधिक वेळ एका जागी राहतो आणि दाबही खोलवर रुततो. मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या खाचेवरून आला. महामार्गावर तीच चाकोरी आता ट्रक पाडतात. पुढे पावसाचे पाणी तिच्यातच साचते. मे 2015 मध्ये दिल्लीत उष्णतेच्या लाटेत रस्ता वितळून झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे वाकडेतिकडे झाले, त्याची छायाचित्रे देशभर गाजली. पुढच्याच वर्षी, 19 मे 2016 रोजी, राजस्थानातील फलोदी येथे 51 अंश तापमान नोंदले गेले.

लडाखमध्ये संकट नेमके उलटे. तेथे थंडीने थर आकसतो आणि आडवा तडकतो. भेगांत शिरलेले पाणी गोठून फुगते व भेग रुंदावते.

म्हणूनच संपूर्ण देशासाठी एकच डांबर वापरण्याची सवय घातक आहे. पूर्वी डांबराची प्रत 25 अंशांना त्यात सुई किती खोल रुतते यावरून ठरे. रस्ता जेव्हा खरोखर हाल सोसतो, ते तापमान त्या कसोटीत येतच नव्हते. 2006 मध्ये भारतीय मानक बदलले आणि 60 अंशांना असणाऱ्या घट्टपणावरून प्रत ठरू लागली. निर्णय योग्य होता, उशिरा झाला इतकेच. थंड प्रदेशासाठी व्हीजी-10 आणि उष्ण प्रदेशातील जड वाहतुकीसाठी व्हीजी-40, असा विवेक त्यामुळे शक्य झाला. पण जुन्या निविदेची नक्कल करून नवी निविदा काढली, तर हा विवेक कागदावरच राहतो.

रस्ता तयार होत असतानाही तापमानाची पाठ सोडता येत नाही. मिश्रण यंत्रातून सुमारे 150 ते 165 अंशांना बाहेर पडते. ताडपत्री न घालता डंपर वाहतुकीत अडकला की ते निवते. 90 अंशांच्या खाली गेलेल्या मिश्रणावर रोलर कितीही फिरवला तरी ते घट्ट बसत नाही. आत पोकळ्या राहतात आणि पाण्याची सोय होते. एका साध्या तापमापकाने हे टळू शकते, तरी अनेक कामांवर तो क्वचितच दिसतो.

काँक्रीटचे रस्ते करा म्हणजे प्रश्न मिटेल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु काँक्रीटही तापमानाने प्रसरण पावते, म्हणून त्यात सांधे ठेवावे लागतात. शिवाय त्याचा आरंभीचा खर्चही मोठा. खेड्यापाड्यांतील बहुतेक रस्ते डांबरीच राहणार. तेव्हा स्थानिक तापमान, त्यानुसार निवडलेली डांबराची प्रत आणि प्रत्येक डंपरमधील मिश्रणाचे तापमान यांची नोंद कामाच्या फलकावर लावणे सक्तीचे व्हावे. ज्या ग्रामस्थाच्या दारावरून रस्ता जातो, त्याला ती वाचता आली पाहिजे.