ओरलपुरती चिप

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी व्हीएलएसआयच्या, म्हणजे चिपरचनेच्या विषयात व्हेरिलॉगचा कोड लिहितो, सिम्युलेशन चालवतो, फार तर एफपीजीए बोर्डावरचे दिवे लुकलुकवतो आणि ओरल देऊन मोकळा होतो. आपण रचलेले सर्किट सिलिकॉनवर उतरले असते तर चालले असते का, हे त्याला कधीच कळत नाही. बारामतीतील विद्या प्रतिष्ठान, माळेगाव किंवा इंदापूरजवळचे वनगळी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे बदलता येईल. त्यासाठी बारामतीत चिपचा कारखाना उभारण्याची गरज नाही.

आयआयटी मुंबईचा ‘अजित’ हा मायक्रोप्रोसेसर रचला गेला पवईत, पण 2019 मध्ये प्रत्यक्ष घडला तो मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, 180 नॅनोमीटरच्या तंत्रावर. मोबाइलच्या चिपपुढे हे तंत्र जुनाट खरे. शिकण्यासाठी मात्र भरपूर. केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेतून आता इतर शिक्षणसंस्थांनाही हीच वाट खुली झाली आहे. 85 हजार जणांचे मनुष्यबळ घडवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. एरवी कॉलेजला न परवडणारी डिझाइनची सॉफ्टवेअर बंगळुरूच्या सी-डॅकमधून मिळतात आणि विद्यार्थ्यांच्या चिप मोहालीत घडवल्या जातात.

विद्यार्थ्यांची डिझाइन्स अशी बाहेर पाठवून घडवून घेण्याची युक्ती जुनीच आहे. 1978 मध्ये लिन कॉनवे यांनी अमेरिकेतील एमआयटीत शिकवताना वर्गातल्या मुलांची डिझाइन्स एकत्र करून कारखान्याकडे पाठवली आणि सत्र संपल्यावर काही आठवड्यांत मुलांच्या हाती स्वतःच्या चिप पडल्या. वडापच्या जीपमध्ये सीटपुरतेच पैसे द्यावेत, तशी एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, अनेकांनी जागा वाटून घ्यायची, हा त्यामागचा हिशेब. ‘टायनी टेपआउट’सारख्या उपक्रमात आज काहीशे युरोंत एका छोट्या डिझाइनला जागा मिळते. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर याहून जास्त खर्च होतो!

मग अडते कुठे? वेळापत्रकात. डिझाइन पाठवल्यापासून चिप परत येईपर्यंत सहज कित्येक महिने जातात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तेवढ्यात संपतो, मुले नोकरीला लागतात आणि आलेली चिप तपासायला कुणीच उरत नाही. म्हणून डिझाइन तिसऱ्या वर्षी पाठवले पाहिजे. चौथ्या वर्षी त्याच मुलांनी ऑसिलोस्कोप लावून ती चिप तपासावी. बंद पडलेली निघाली तर का, ते शोधावे. न चाललेल्या चिपच्या नीट केलेल्या चिकित्सेलाही पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, नाहीतर मुले कुणीतरी आधीच चालवून दाखवलेले सर्किट उतरवून पाठवतील.

विषयांची इथे वाण नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग झाले. शेतातल्या सेन्सरकडून ओलाव्याचे आकडे घेऊन ते कमीत कमी विजेत पुढे पाठवणारी छोटी डिजिटल चिप हा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना झेपणारा विषय आहे. त्याला 180 नॅनोमीटर पुरेसे आहे आणि प्रयोगाला शिवारही दूर नाही.

पुणे विद्यापीठाने, आणि जिथे स्वायत्तता आहे तिथे महाविद्यालयांनीच, दोन वर्षांच्या सलग प्रोजेक्टला मान्यता द्यावी. बारामती-इंदापूरच्या संस्थांनी दरवर्षी एक सामायिक डिझाइन पाठवण्याचा खर्च वाटून घ्यावा. येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरण्याआधीच हा निर्णय व्हायला हवा.