एका टँकरचा 'मालक' कोण?

रायपूरच्या समता कॉलोनीतून बाहेर पडून टाटीबंधकडे निघाले की भिलाई, उरला, सिलतरा येथील कारखान्यांची अवजड वाहतूक सुरू होते. (वसाहतीच्या नावातील समता या रस्त्यावर मात्र शोधावी लागते.) सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. तेथे कोक करताना डांबर व बेंझॉल निघते, अमोनियम सल्फेटसाठी सल्फ्युरिक आम्ल लागते. असे द्रव देशभर वाहून नेणाऱ्यांत कर्ज काढून एकच टँकर घेणारा आणि तो स्वतःच हाकणारा चालकही आहे. तो मालकवर्गात मोडतो, असे आपल्यातील काही साथींना वाटते. हा समज तपासून पाहिला पाहिजे.

टाकी निवडताच त्याचे स्वातंत्र्य संपते. हायड्रोक्लोरिक आम्ल पोलाद खाते. त्यासाठी आतून रबराचे अस्तर हवे. तीव्र सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादात राहते, पण पाणी शिरून ते सौम्य झाले की टाकी कुरतडते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सोडते. त्याच्या हजार लिटरचे वजन सुमारे १८४० किलो. हलक्या द्रवासाठी बांधलेली टाकी त्याने पूर्ण भरली तर आसांवर अतिभार येतो. अर्धी भरली तर आम्ल डचमळते आणि वळणावर गाडी कलंडते. म्हणून एका मालाची टाकी दुसऱ्यास सहसा चालत नाही. परतीची फेरी रिकामी, डिझेल व टोल मात्र दोन्ही फेऱ्यांचा. भाडे ठरवतो माल पाठविणारा कारखाना किंवा दलाल. हप्ता ठरवते कर्ज देणारी कंपनी. मालकी उरते ती फक्त धोक्याची.

१३ जून २०२३ रोजी बोरघाटात द्रुतगती मार्गावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. चार जण मेले. त्यांत पुलाखालच्या रस्त्याने जाणारेही होते. १९७८ साली स्पेनमधील लॉस अल्फाकेस येथे मर्यादेपेक्षा अधिक प्रॉपिलीन भरलेला टँकर फुटून दोनशेहून अधिक माणसे दगावली. तेथे माल भरणाऱ्या कंपनीच्या माणसांनाही न्यायालयात उभे राहावे लागले. आपल्याकडेही १९८९ च्या मोटार वाहन नियमांनी मालाची पूर्ण माहिती देण्याची व वाहन योग्य असल्याची खात्री करण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर टाकली आहे. परंतु अपघातानंतर पहिला हात पडतो तो चालकाच्या मानगुटीवर.

कामाच्या तासांचे संरक्षणही त्याला नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच वा अधिक कामगारांच्या उद्योगांना लागू होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितेने ती मर्यादा दहावर नेली. एका गाडीचा धनी दोन्हींच्या बाहेर.

जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांच्या कैदेच्या तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पगारी चालक आणि स्वतःची गाडी हाकणारा एकाच रस्त्यावर उभे होते. सरकारला ती तरतूद स्थगित ठेवावी लागली. वाहतूक कामगारांच्या संघटनांनी आता या चालकालाही सभासद करून घ्यावे आणि रिकाम्या फेरीचे भाडे, टाकी धुण्याचा खर्च व भरलेल्या मालाचे लेखी वजन या तीन मागण्या घेऊन कारखान्याच्या फाटकाशी जावे.