विश्लेषण : शोधनिबंधावर नाव कुणाचे, जबाबदारी कुणाची?

यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली. चांगले नियतकालिक ओळखण्याचे काम आता महाविद्यालयांवर आणि खुद्द प्राध्यापकांवर आले आहे. त्याचा सर्वाधिक ताण अभियांत्रिकीच्या नवख्या सहायक प्राध्यापकांवर पडतो.

यादी गेल्याने काय बदलले?
यादी होती तेव्हा नियतकालिकाचे नाव त्यात शोधले की काम संपत असे. आता संपादक मंडळ, समीक्षेची पद्धत आणि शुल्क स्वत: तपासावे लागते. पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंधाची देशव्यापी सक्ती २०२२ च्या नियमांत उरली नाही. पदोन्नतीत मात्र शोधनिबंध मोजले जातात. त्यामुळे ‘चार दिवसांत प्रसिद्धी, पैसे भरा’ अशा ईमेलचा मोह टिकून आहे.

लेखक कोणाला म्हणावे?
‘आयईईई’च्या तीन अटी आहेत : संशोधनात लक्षणीय बौद्धिक योगदान, मसुदा लिहिण्यात किंवा तपासून सुधारण्यात सहभाग आणि अंतिम मसुद्याला मान्यता. तिन्ही पूर्ण न करणाऱ्यांची जागा आभारात. केवळ विभागप्रमुख आहेत किंवा यंत्र वापरू दिले, एवढ्याने कोणी लेखक ठरत नाही. एआय साधनही लेखक नसते. त्याच्याकडून मजकूर घेतला असेल तर तसे नमूद करावे लागते.

नियम कुठे अपुरे पडतात?
यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे कारवाईचे टप्पे आहेत. पण सॉफ्टवेअर फक्त जुळणारी वाक्ये मोजते. फुकट घातलेले किंवा गाळलेले नाव त्याला दिसत नाही.

मग उपाय काय?
प्रयोग सुरू होतानाच कोण काय करणार आणि नावांचा क्रम काय, हे लेखी ठरवावे. कामाची वाटणी बदलली की क्रमाचाही फेरविचार व्हावा. प्रयोगाच्या नोंदी आणि मूळ विदा जपून ठेवावी. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये.

तरीही वरिष्ठांना ‘नाही’ म्हणण्याची जोखीम कनिष्ठाने एकट्याने का घ्यावी? महाविद्यालयांनी प्रत्येक लेखकाच्या योगदानाचे निवेदन सक्तीचे करावे आणि पदोन्नतीत संख्येऐवजी निवडक निबंध वाचून पाहावेत. निबंधात चूक निघाली की उत्तर त्यावर नाव असलेल्या प्रत्येकाला द्यावे लागते. श्रेय वाटताना याचा विसर पडू नये.