पंखा एकच!

आमच्या घरात गाडीविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा मान माझा. गाडी पुसण्याचा मानही माझाच. पण त्याविषयी कोणाचा मत्सर नाही. त्यामुळे श्रावणात महाबळेश्वरला निघताना "अहो, तो पंखा पुन्हा चिरचिरतोय," असे सौ. म्हणाली, तेव्हा मी रेडिओचा आवाज वाढवून तो प्रश्न सोडवला.

खरे म्हणजे गाडीतला ब्लोअर चार महिने बोलत होता. आधी चिरचिर. मग एक, दोन आणि तीन नंबर बंद. बटण चारवर नेले की मात्र सोसाट्याचा वारा! "चार चालतो आहे ना? मग झालं!" असे म्हणून मी तेही मिटवले.

वाई सोडून पसरणीचा घाट लागला आणि चारही थांबला. बाहेर धो धो पाऊस, आत आम्ही पाच माणसे आणि ओल्या छत्र्या. दोन वळणांत समोरची काच दुधासारखी पांढरी! वायपर बिचारा बाहेरून पुसत होता; धुके आतून धरले होते. एस.टी.चा भोंगा ऐकू आला, पण एस.टी. दिसेना. मागे आईने रामनाम सुरू केले. जरा रुंद जागा दिसताच गाडी कडेला घेतली, तेव्हा माझे हात कापत होते. पुढे चारी काचा उघड्या टाकून, सौ. रुमालाने काच पुसते आहे अशा थाटात आम्ही भिजत पाचगणी गाठली.

पुण्यात परतल्यावर एका गॅरेजात निदान झाले, "एसीचा गॅस संपलाय. भरावा लागेल." मी पाकीट काढले. तोच सौ. म्हणाली, "पण हीटर लावला तरी वारा येत नाही. हीटरलाही गॅस लागतो का हो?"

गॅरेजवाल्याने माझ्याकडे पाहिले. मी बॉनेटकडे पाहिले.

शेवटी गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. ते हसून म्हणाले, "साहेब, बाईंनी बरोबर विचारलं. गारवा गॅसचा, ऊब इंजिनातल्या गरम पाण्याची. पण दोन्ही आत ढकलणारा पंखा एकच. वाराच नाही, तर गॅस काय करणार?"

त्यांनी आधी फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. मग डॅशबोर्डच्या कप्प्याखाली वाकून रेझिस्टर काढला. पंख्याचा वेग कमी करणारा हा लहानसा तुकडा. चार नंबरला वीज त्याला वळसा घालून थेट मोटारीला जाते. म्हणूनच आमचा चार तेवढा जिवंत होता. हा तुकडा पंख्याच्याच वाऱ्यावर थंड राहतो. आमच्या हवेच्या फिल्टरमध्ये पाचोळा आणि धूळ गच्च भरलेली. वारा कमी, म्हणून तो जळाला. चिरचिरणारी मोटार जड फिरत होती, ती जास्त वीज ओढू लागली आणि शेवटी तिच्या वायरचा प्लगही वितळला. रेझिस्टर, प्लग, मोटार, फिल्टर सारे बदलले. "फ्यूज गेला, तर मोठा फ्यूज किंवा तार घालू नका. वायरिंग पेट घेईल," एवढे त्यांनी बजावले.

वाचकहो, ब्लोअर ही गाडीतली चैन, असे मी समजत होतो. पावसाळ्यात तो डोळे असतो, हे पसरणीच्या घाटात कळले. एक-दोन-तीन बंद आणि चार चालू, हे बिघाडाचे लक्षण नसून गाडीने धाडलेले पत्र असते. ते वेळीच वाचावे.

यंदा दिवाळीच्या झाडलोटीत सौ.ने माझ्या हाती आधी गाडीचा फिल्टर दिला. मी निमूटपणे झटकला. तेवढ्यात स्वयंपाकघरातला मिक्सर चिरचिरला.

"अगं, ऐकलंस का?" मी लगबगीने म्हणालो.

"ऐकलं," ती म्हणाली, "आणि मी रेडिओ लावलेला नाही!"