गजाननाचा उत्सव आणि गजराजाची साखळी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी गजाननाची प्राणप्रतिष्ठा होते. शूर्पकर्ण, वक्रतुंड, एकदंत अशा नामांनी आपण ज्या देवतेस आळवितो, तिने ज्याचे मुख धारण केले त्या गजराजाची आज काय अवस्था आहे, याचा विचार करण्यास याहून उचित पर्व आम्हांस दिसत नाही.

हत्ती हा अरण्यात फिरणारा जीव. दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा लागणारा हा महाकाय प्राणी आपला बहुतेक वेळ चरण्यात आणि चालण्यात घालवितो. माद्या व पिले वडीलधाऱ्या हत्तिणीच्या मागून कळपाने हिंडतात; माणसाच्या कानास ऐकू न येणाऱ्या खर्जातील स्वरांनी दूरवरून परस्परांस साद घालतात. अशा जीवास फरसबंदीवर आखूड साखळीने वर्षानुवर्षे एकटे बांधून ठेवले, की त्याचे तळवे व नखे दुखावतात आणि तो जागच्या जागी डोलू लागतो. भाविकांस वाटते, गजराज आरतीच्या तालावर डोलत आहे. वस्तुतः ते कोंडलेल्या जीवाच्या व्याकुळतेचे लक्षण होय.

प्राणिसंग्रहालयांतील हत्ती तेथून काढून वनप्रदेशालगतच्या छावण्यांत न्यावेत, असा आदेश केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ साली दिला. जेथे प्राणिसंग्रहालयाचे आवार अपुरे, तेथे देवळाचे अंगण कसे पुरावे? जोतिबा देवस्थानास अर्पण झालेला ‘सुंदर’ हत्ती न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ साली बंगळूरजवळील बन्नेरघट्टा उद्यानात नेण्यात आला.

देवास हत्ती वाहण्याची प्रथा जुनी आहे आणि तीमागील श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्रमोक्षाची कथा कोणत्या भाविकास ठाऊक नाही? नक्राने पाय धरला, तेव्हा सोंडेत कमळ घेऊन गजेंद्राने श्रीहरीचा धावा केला. भगवंत गरुडावरून धावले ते त्याचा पाय सोडविण्यासाठी. ज्याचा पाय देवाने सोडविला, त्याच्याच पायात भक्ताने साखळी घालावी आणि त्यास पुण्य म्हणावे, हे आम्हांस पटत नाही.

माणसाळलेला हत्ती एकाएकी रानात सोडता येत नाही, हे खरे. पण विस्तीर्ण आवारात, सजातीयांच्या सोबतीत त्यास ठेवता येते. ज्याचे पोट त्याच्यावर अवलंबून आहे त्या माहुतासही तेथेच काम देता येईल. राहिला प्रश्न मिरवणुकीच्या शोभेचा. केरळात त्रिशूर जिल्ह्यातील इरिंजाडप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिराने २०२३ साली यांत्रिक हत्ती स्वीकारला; तेथील देवाचे काही उणे झाले नाही.

नवस फेडताना जिवंत हत्ती वाहण्याऐवजी त्याच्या चाऱ्यासाठी व मोकळ्या जागेसाठी द्रव्य वाहावे. विघ्नहर्त्याच्या उत्सवात एका मुक्या जीवाचे विघ्न दूर व्हावे, याहून मोठी पूजा ती कोणती?